उजव्या बाजूचा आवाज

माझी मोठी बहीण दवाखान्यात लोकांचे कान तपासते. तिथे तिला कुणी नावाने हाक मारत नाही. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे ‘कानवाल्या बाई’ म्हणतात. तळमजल्यावर जिन्याला लागून तिची खोली आहे आणि त्या खोलीत आणखी एक खोली, कपाटापेक्षा थोडी मोठी. तिच्या भिंतींना जाड स्पंज लावलाय, एका बाजूला काच आहे. पेशंट आत बसतो, ताई काचेबाहेर यंत्रापाशी. पेशंटच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. “आवाज आला की दाबायचं. अगदी पुसट आला तरी दाबायचं,” हे वाक्य ती बावीस वर्षं दिवसातून वीस वेळा म्हणत आली आहे. झोपेतही म्हणते, असं आई सांगते.

ताईने लग्न केलं नाही, ती आईबाबांजवळच राहते. मी दोन गल्ल्या सोडून माझ्या घरी. तिचा स्वभाव आधीपासूनच मोजूनमापून वागण्याचा. चहाला पाणी ठेवलं तरी कपाने मोजून. तिच्या हातून कधी काही सांडलेलं मला आठवत नाही, आणि दुसऱ्याने सांडलं की ती काही न बोलता फडकं आणून देते, ते जास्त लागतं.

आईच्या सत्तरीला काय करायचं हा विषय निघाला, तेव्हा बाबांनीच गाण्याची कल्पना काढली. आमच्या घरात टीव्हीवर गाण्याचा एक खेळ आहे. पडद्यावर शब्द येतात, शब्दांच्या वर लहानमोठ्या पट्ट्या. माईकमध्ये गायचं. सूर आणि वेळ बरोबर साधली की पट्टी भरते, गाणं संपलं की दहा हजारांपैकी गुण मिळतात. बाबा त्यात सगळ्यांना हरवायचे. कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ मशीनवर काढलेला माणूस, पण गळा शाबूत होता. बाजारात न मिळणारी गाणी घरी बनवून त्या खेळात घालता येतात, हे ताईने शोधून काढलं होतं आणि आतापर्यंत दहाबारा गाणी तिने स्वतः बसवली होती.

“या वेळी गाणंच आपलं करू,” बाबा म्हणाले. “शब्द माझे, चाल मोठीची, आवाज धाकटीचा. आईसमोर मी गाणार आणि नऊ हजारांच्या वर नेणार.”

बाबांनी शब्द लिहिले. साधेच होते, पण आमच्या आईचेच होते.

चष्मा शोधतेस, तो डोक्यावर आहे,
किल्ली शोधतेस, ती दारात आहे,
मला शोधू नकोस, मी कुठे जातो,
तू हाक मारशील त्या घरात आहे.

अशी तीन कडवी. ताईने कीबोर्डवर चाल बांधली आणि मी गाऊन दिलं, म्हणजे बाबांना सरावाला एक आवाज सोबत राहील. मग ताईचं खरं काम सुरू झालं. गाण्याचा एकेक तुकडा कुठे सुरू होतो, किती वेळ टिकतो, किती उंच आहे, हे सगळं आकड्यांत लिहावं लागतं. ‘चष्मा’चे दोन तुकडे, ‘चष्’ आणि ‘मा’. ‘शोधतेस’चे तीन करायचे की चार, यावर ताई आणि बाबा अर्धा तास वाद घालत बसले होते. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले वीसतीस इकडेतिकडे झाले तरी गाणाऱ्याला खटकतं, असं ताई म्हणायची. या सगळ्याची तिने एक वही केली होती. तारीख, कुठल्या ओळीत काय बदललं, का बदललं. बाबांचा प्रत्येक सराव ती लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची आणि प्रत्येक ओळ ते किती आधी किंवा किती उशिरा उचलतात, ते मोजून वहीत लिहायची. “ओळ पहिली, तीस मागे. ओळ दुसरी, बरोबर. ओळ तिसरी, दहा पुढे, श्वास कमी पडतो.” पेशंटच्या कागदांवर लिहिते त्याच अक्षरात.

सराव आईपासून लपवून चालायचा. मागच्या खोलीचं दार लावून, हेडफोन लावून, बाबा हळू आवाजात गायचे. ताईने सोय अशी केली होती की संगीत डाव्या कानात आणि माझा आवाज उजव्या कानात. शेवटी उजवी बाजू पुसून टाकली की माझा आवाज गेला, उरलं नुसतं संगीत. कात्री चालवायला सोपं.

एका बुधवारी बाबांना आठ हजार सहाशे चाळीस गुण मिळाले. गुरुवारी सराव नव्हता. शुक्रवारी ताईला दवाखान्यात उशीर झाला. शनिवारी दुपारी बाबा गायला बसले आणि चार हजार तीनशे दहावर आले.

“तू धाकटीचा आवाज काढून टाकलास का गं?” बाबा हेडफोन उतरवत म्हणाले. “मला कळेना कुठे उचलायचं ते.”

“नाही काढलेला.” ताईने स्वतः ऐकून पाहिलं. आवाज होता. “आहे की.”

“मग बारीक झालाय. काहीतरी हललंय तुझ्या फाईलीत.”

ताईला आपल्या कामात काही हललंय असं कुणी म्हटलेलं सहन होत नाही. ती रविवारभर फाईल तपासत बसली. सोमवारी तिने माझा आवाज वाढवला. बाबांनी ऐकलं, मान हलवली, उपयोग नाही म्हणाले. पडद्यावर शब्दाचा रंग बदलला की मगच ते उचलत होते, आणि तोवर पट्टी पुढे सरकलेली असायची. मंगळवारी ताईच्या डोक्यात आलं की दोष माईकचा असेल, गायलेला आवाज आत पोचायला उशीर लागत असेल. खेळात त्यासाठी एक सोय असते. तिने दोनशे मिलिसेकंदांची सूट घातली. बाबांचे गुण सहा हजार शंभर झाले.

गुण वाढले, म्हणजे दुखणं माईकचंच होतं, असं तिने ठरवलं. तिच्या जागी मी असते तरी तेच ठरवलं असतं.

पण सहा हजारांवर गाडी अडली ती अडलीच. घरात धुसफूस सुरू झाली. बाबा म्हणायचे, “यंत्राच्या मागे लागून गाण्याची वाट लावलीस.” ताई म्हणायची, “लक्ष द्या ना जरा, मागच्या बुधवारी येत होतं तेच आता का येत नाही?” गुरुवारी मला बोलावून पुन्हा सगळं गाऊन घेतलं. तोच माईक. गंमत म्हणून मी खेळातही एकदा गायले, तर मी म्हणे प्रत्येक ओळ आधीच उचलत होते. ताईने वहीत लिहिलं, “धाकटी, सगळीकडे दोनशे पुढे? तपासणे.” तपासायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शाळेच्या मुलांची तपासणी होती.

मी मध्ये बाबांना सहज विचारलं, “बरं नाही का?” म्हणाले, “कानाला जरा दडा बसलाय. मळ असेल. कोमट तेल घालतोय.” हे मी ताईला सांगितलं नाही. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. पुढे कितीतरी दिवस हे मला टोचत राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी आई तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. वाढदिवसाला बरोबर एक आठवडा उरला होता. मी बाबांच्या डोक्यावर हेडफोन चढवला, तो घाईत उलटा चढला. डावी बाजू उजवीकडे. ताईने गाणं सुरू केलं. बाबा गायलेच नाहीत. नुसते पडद्याकडे बघत बसले.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“संगीत बंद केलंस का? नुसती धाकटीच गातेय.”

ताई उठली. तिने हेडफोनकडे बघितलं, वायर कुठल्या बाजूला आहे ते बघितलं. तो काढला आणि सुलटा घातला.

“आता?”

“आता ती गेली. वाजतंय फक्त.”

ताईने पुन्हा उलटा घातला. “आता?”

“आता तीच. अगं, काय चाललंय तुझं?”

ताईचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. तिने माझा फोन घेतला, त्यावर घंटी लावली आणि बाबांचा डावा कान आपल्या तळव्याने दाबून धरून फोन उजव्या कानाशी नेला. घंटी मला दारापाशी ऐकू येत होती. बाबा वाट बघत होते, कधी वाजणार म्हणून.

“बाबा, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“हा कान.”

“मळ आहे गं. तेल घालतोय ना.”

“चप्पल घाला,” ताई म्हणाली.

रविवार असल्यामुळे कानाचे डॉक्टर नव्हते. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून कान बघितला. आत मळाचा कण नव्हता. पडदा स्वच्छ, धडधाकट. बाबा खूश झाले. “बघ, काही नाही,” असं ताईला म्हणाले. ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. कान स्वच्छ निघाला ही वाईट बातमी आहे, हे त्या खोलीत तिला आणि त्या डॉक्टरीणबाईंनाच कळत होतं. मळ असता तर धुऊन निघाला असता. मळ नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणजे आतली नस.

घरी येताना तिने मला हळू आवाजात सांगितलं. कधी कधी एका रात्रीत एक कान जातो. कशाने, ते बऱ्याचदा कळत नाही. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झालं तर परत येण्याची आशा असते, दोन आठवडे उलटले की ती फार थोडी उरते. “आज कितवा दिवस आहे माहीत आहे?” ती म्हणाली. “नववा. नऊ दिवस मी त्यांचं बहिरेपण फाईलीत दुरुस्त करत बसले.”

सोमवारी सकाळी साडेसातला, नोंदणीच्या खिडक्या उघडायच्या आधी, तिने बाबांना त्या स्पंजाच्या खोलीत बसवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. याआधी तिने शंभरदा म्हटलं असेल, आणि बाबांनी शंभरदा टाळलं होतं. मी यंत्राजवळच्या स्टुलावर बसले.

“आवाज आला की दाबायचं. पुसट आला तरी दाबायचं.”

डाव्या कानाची तपासणी नीट पार पडली. मग उजवा. चांगला कान मदतीला येऊ नये म्हणून ताईने डाव्या कानात खरखर सोडली आणि उजव्यात आवाज द्यायला सुरुवात केली. बटण दाबलं की यंत्रावर दिवा लागतो, तो लगेच लागला. ताईने आवाज कमी केला, तरी दिवा लागला. आणखी कमी केला, तरीही. मला वाटलं सुटलो. ताईने हात यंत्रावर तसाच ठेवला आणि काहीच वाजवलं नाही. दिवा पुन्हा लागला.

बाबा काचेतून तिचा खांदा बघत होते. खांदा हलला की बटण दाबत होते.

ताई दार उघडून आत गेली आणि तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग परत सुरुवात. तीस. चाळीस. दिवा नाही. पन्नास. बाबांची पाठ दिसत होती, मान थोडी पुढे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखी. साठ. ताई प्रत्येक आकड्याला थांबत होती, पुन्हा देत होती. सत्तरला दिवा लागला. माणूस शेजारी बसून बोलला तर आवाज साठ डेसिबलच्या आसपास असतो, हे तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं.

तिने कागदावर लाल गोल काढले आणि ते रेघेने जोडले. मग उठून बेसिनपाशी गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

कानाचे डॉक्टर नऊला आले. ताईपेक्षा वयाने लहान, कामात वाघ, बोलण्यात घाई. त्यांनी आलेख बघितला, बाबांकडे बघितलं.

“काका, कधीपासून ऐकू येत नाही?”

“वर्ष झालं असेल,” बाबा म्हणाले.

ताई म्हणाली, “बाबा.”

“अगं, वर्ष झालंच असेल. हळूहळूच जातं हे. आमच्या मशीन शॉपमध्ये सगळ्यांचंच गेलंय.”

“काम काय करायचात?”

“लेथवर. पस्तीस वर्षं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, कारखान्याचा कान आहे. आणि काकांना साखर आहे ना?”

“आहे,” ताई म्हणाली. “पण कारखान्याने दोन्ही कान जातात. डावा बघा, वयाच्या मानाने ठीक आहे. एकच कान असा जात नाही. हे अचानक झालंय, दहा दिवसांपूर्वी.”

“ते स्वतः वर्ष म्हणतायत.”

“खोटं बोलतायत.”

डॉक्टर बाबांकडे वळले. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

“हे बघा,” डॉक्टर ताईला म्हणाले, आणि आता घाई नव्हती त्यांच्या आवाजात, “दहा दिवसांचं असेल तर मी आत्ता स्टेरॉइड सुरू करतो. पण त्याने यांची साखर भडकणार, आणि यांची आधीच काठावर आहे. वर्षाचं दुखणं असेल तर फायदा शून्य आणि धोका मात्र पुरा. तुमच्याकडे यांचा आधीचा रिपोर्ट असेलच. महिन्याभरापूर्वीचा, सहा महिन्यांपूर्वीचा, कुठलाही दाखवा.”

या दवाखान्यात हजारो लोकांचे आलेख ताईने काढले होते, आणि स्वतःच्या बापाचा एकही नव्हता.

मग ती माझ्याकडे वळली. “वही आण. आणि लॅपटॉप. पळ.”

मी पळाले. घरी आई भाजी निवडत होती. तिला आम्ही सांगितलं होतं, मळ काढायला चाललोय. मी मागच्या खोलीतून वही काढली, लॅपटॉप काढला, वायर सापडेना म्हणून खण उपसले. आई दारात येऊन उभी राहिली.

“काय शोधतेस?”

“काही नाही. ताईला हवंय.”

“खोटं बोलू नकोस. तुझे ओठ पांढरे पडलेत.”

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. गाणं, वाढदिवस, कान, दहा दिवस, वर्ष. आईने हात पुसले, माझ्या हातातली वही घेतली आणि चप्पल घातली. रस्त्याने ती माझ्यापुढे चालत होती.

डॉक्टरांनी तोवर दोन पेशंट तपासले होते. ताईने वही त्यांच्यापुढे उघडली. प्रत्येक तारखेपुढे ओळीओळीचे आकडे.

“हा सरावाचा तिसरा आठवडा. तीस मागे, दहा पुढे, वीस मागे. हा बुधवार, तेच. माझ्या बहिणीचा आवाज उजव्या कानात होता, तो ऐकून ते उचलत होते. हा शनिवार. चारशे दहा मागे. तीनशे नव्वद. चारशे चाळीस. तिसरं कडवंही तसंच. इथून पुढे सगळे असेच.”

“माईकचा वगैरे दोष असू शकतो,” डॉक्टर म्हणाले.

“मलाही तेच वाटलं. मी दोनशेची सूट दिली.” ताईने पान उलटलं आणि गुरुवारवर बोट ठेवलं. “त्याच माईकवर, तीच सूट ठेवून ही गायली, तर ती बरोबर दोनशे पुढे गेली. म्हणजे माईकमध्ये उशीर नव्हताच. मी लिहून ठेवलं, तपासणे, आणि तपासलं नाही.”

डॉक्टरांनी हेडफोन मागितला. बुधवार ऐकला, मग शनिवार. बुधवारी बाबा माझ्या आवाजाला बिलगून गात होते. शनिवारी प्रत्येक ओळीआधी एक लहानसा खड्डा होता, जिना उतरताना पायरी न सापडलेल्या माणसासारखा. डॉक्टरांनी ते दोनदा ऐकलं.

तेवढ्यात आई बाबांसमोर जाऊन उभी राहिली. “वर्ष झालं म्हणालात? मागच्याच्या मागच्या गुरुवारी मी तुमच्या उजव्या हाताला बसून पुटपुटले की तुमची बहीण कंजूष आहे, तर तुम्ही ताटावरून उठलात. ते काय डाव्याने ऐकलंत?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. मला वाटतं, हसू लपवायला. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

“काका,” डॉक्टर म्हणाले, “खरं सांगा.”

“त्या शुक्रवारी,” बाबा म्हणाले. “सकाळी उठलो तर हा कान भरल्यासारखा. आत शिट्टी वाजत होती, अजून वाजतेय.”

“मग वर्ष का म्हणालात?”

बाबांनी आईकडे बघितलं. “तुम्ही भरती करून घ्याल. सुया लावाल. येत्या रविवारी हिचा वाढदिवस आहे.” मग थांबून म्हणाले, “आणि ही पोरगी. कान तपासणारी. हिच्या घरात, हिच्या नाकासमोर झालं, असं लोक म्हणतील. जुनं म्हटलं की कुणी काही म्हणत नाही.”

ताई खोलीबाहेर गेली. मी मागून गेले नाही. तिला कुणी मागून आलेलं आवडत नाही.

गोळ्या त्याच तासाला सुरू झाल्या. भरती केलं नाही, पण दिवसातून चार वेळा साखर तपासायची आणि तीनशेच्या वर गेली की फोन करायचा, असं ठरलं. तो आठवडा आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. मंगळवारी दोनशे ऐंशी. बुधवारी तीनशे वीस, इन्सुलिन सुरू. गुरुवारी दुपारी तीनशे नव्वद, बाबांना ग्लानी आल्यासारखी झाली, ओठ कोरडे, बोलणं तुटक. डॉक्टर फोनवर म्हणाले की आणखी वाढली तर गोळ्या थांबवाव्या लागतील. ताईने दवाखान्यातून सुट्टी घेतली होती. ती दर तासाला बाबांचं बोट टोचत होती आणि आकडा लिहीत होती. तीच वही, गाण्याच्या पानांपुढची पानं. सहा वाजता तीनशे चाळीस झाली. आठ वाजता दोनशे नव्वद. तेव्हा आईने पहिल्यांदा कुणाला जेवायला विचारलं.

त्या दिवसांत बाबा आणि ताई एकमेकांशी फारसं बोलत नव्हते. एकदा मी पाणी द्यायला गेले तेव्हा ताई त्यांच्या उशाशी बसली होती.

“मला सांगायचं होतं ना,” ती म्हणत होती.

“तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” बाबांनी डोळे मिटलेलेच होते. “तू फाईलीबद्दल विचारत होतीस.”

ताईने त्यांच्या बोटाला सुई लावली आणि आकडा लिहिला.

शनिवारी पुन्हा ती खोली. या वेळी बाबा स्वतःच खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. चाळीसला दिवा लागला नाही. पंचेचाळीसला लागला. ताईने पुन्हा दिला, पुन्हा लागला. तिसऱ्यांदाही. तिने काचेवर डोकं टेकलं. बाबांना पाठीमागचं काही दिसत नव्हतं. ते तसेच बटणावर अंगठा ठेवून पुढच्या आवाजाची वाट बघत बसले होते.

रविवारी आईसमोर गाणं झालं. गुपित उरलं नव्हतं, त्यामुळे आईने आधीच सांगून टाकलं की ती रडणार नाही. ताईने माझा आवाज पुसला नाही. संगीत आणि आवाज दोन्ही तिने डाव्या कानात घातले होते. बाबा थकलेले होते, दुसऱ्या कडव्यात दम लागला, एक ओळ पूर्ण सुटली. सहा हजार आठशे गुण पडले. आई म्हणाली की गाणं चांगलं आहे, पण किल्लीचं खोटं आहे, किल्ली तुम्ही हरवता. त्यावरून थोडी जुंपली. घरात आठवड्यानंतर पहिल्यांदा कुणी मोठ्याने बोललं.

आणखी तीन आठवड्यांनी शेवटची तपासणी झाली. खालचे सूर बरेचसे परत आले. वरचे आले नाहीत. शिट्टी आहे, पण बारीक झाली. डॉक्टर म्हणाले, आता इथपर्यंतच. आणखी उशीर झाला असता तर एवढंही मिळालं नसतं. ताईने ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला म्हणाली, “आणि नऊ दिवस आधी सुरू केलं असतं तर?” मी म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही. ती म्हणाली, “हो. तेच.”

ती पुढे पेशंटला एक प्रश्न जास्त विचारायला लागली. ऐकू कधीपासून येत नाही, हे विचारून झालं की ती सोबत आलेल्या माणसाकडे वळते आणि विचारते, घरात अलीकडे कशावरून भांडणं होतायत? टीव्हीवरून, फोनवरून, हाक मारून उत्तर न देण्यावरून? कधी सुरू झाली? लोक आधी बुचकळ्यात पडतात. मग बऱ्याच जणांना तारीख आठवते.

बाबांनी मात्र भलतंच काम अंगावर घेतलं. त्यांच्या कारखान्यातले जुने सोबती त्यांनी एकेक करून गाठले. एका मंगळवारी ते सात जणांना घेऊन ताईच्या खोलीबाहेर हजर झाले. सगळे सत्तरीच्या आसपासचे, सगळे एकमेकांशी ओरडून बोलणारे. शिपाई दोनदा शांत बसा म्हणून सांगून गेला, आणि दोन्ही वेळा सातही जणांनी त्याला विचारलं, काय म्हणालात?

ताईने एकेकाला आत घेतलं. दोघांना श्रवणयंत्र लागलं, एकाला खरंच मळ होता. बाबा बाहेर बाकावर बसून होते, शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत. त्यांनी आपल्या डाव्या हाताची जागा रिकामी ठेवली होती, आणि तपासणी करून बाहेर आलेल्या प्रत्येकाला तिथे बसवून विचारत होते, “हं, सांग. काय म्हणाली?”